शेजाऱ्याची नागरिकत्वाची फाईल: इंदूरमध्ये सुरुवात कुठून करायची आणि गाडी कुठे अडकते

पलसीकर कॉलनी, जयरामपूर, सिंधी कॉलनी या भागात मराठी घरमालक आणि सिंधमधून आलेला भाडेकरू ही जोडी इंदूरला नवी नाही. कधीतरी हा भाडेकरू प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन येतो आणि विचारतो, ‘काका, एक शपथपत्र द्याल का?’ त्या काकांसाठी, आणि घरात बसून ती फाईल लावून देणाऱ्या कुणासाठीही, हे लिहिलं आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांच्या अर्जात कायदा जितका आडवा येत नाही, तितक्या तारखा आणि नावांची स्पेलिंगं येतात. म्हणून गठ्ठा उघडल्यावर आधी तारखा बघायच्या.

पहिला प्रश्न: भारतात पाऊल कधी ठेवलं?

पासपोर्टातलं व्हिसाचं पान आणि त्यावरचा शिक्का शोधा. तो बहुतेक अटारीचा किंवा मुनाबावचा असतो. सिंध आणि राजस्थान जोडणारी थार एक्स्प्रेस ही रेल्वे २००६ ते ऑगस्ट २०१९ चालू होती, त्यामुळे सिंधकडचे बरेच लोक मुनाबावमार्गे आले. शिक्क्यावरची तारीख ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधीची असेल तर एक रस्ता, नंतरची असेल तर दुसरा. एकाच घरात दोन्ही रस्ते निघू शकतात: वडील २०१२ मध्ये आले, सून २०१७ मध्ये आली. ‘सगळ्यांचं एकत्रच करू’ म्हणून दोघांचे अर्ज एकाच खिडकीत लोटले, तर सुनेचा हमखास परत येतो.

पहिला रस्ता नागरिकत्व कायदा १९५५ मधल्या कलम ६बी चा. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. त्यात हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन असे सहाच समाज आणि वर सांगितलेले तीनच देश आहेत. पाकिस्तानातला अहमदिया किंवा अफगाणिस्तानातला हजारा कितीही छळ सोसून आला असला, तरी हा रस्ता त्याच्यासाठी बंद आहे. त्याला देशीयकरणाच्या, म्हणजे ठरावीक वर्षं इथे राहून नागरिकत्व मिळवण्याच्या, नेहमीच्या अटीतूनच जावं लागतं: एकूण अकरा वर्षं आणि वर शेवटचं सलग एक वर्ष. श्रीलंकेच्या तमिळांनाही हे कलम लागू नाही. हा भेद कुणाला पटो न पटो, अर्ज भरताना तो ठाऊक असलेला बरा, नाहीतर माणसाला खोटी आशा लागते.

६बी चा अर्ज: कलेक्टरकडे नाही, पोस्टाकडे

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात. लोक सवयीने मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जातात. पण ६बी च्या अर्जाची जिल्हा समिती डाक अधीक्षकांच्या, म्हणजे पोस्ट खात्याच्या अध्यक्षतेखाली असते. तिच्यात एनआयसीचा, म्हणजे सरकारी संगणक-माहिती केंद्राचा, जिल्हा अधिकारी आणि केंद्राने नेमलेली एक व्यक्ती असते. कलेक्टर कार्यालयाकडून नायब तहसीलदार दर्जाचा प्रतिनिधी आणि रेल्वेचे स्टेशन मास्तर यांना निमंत्रित म्हणून बोलावतात. अंतिम निर्णय राज्यपातळीवरच्या अधिकारप्राप्त समितीचा असतो आणि तिचे अध्यक्ष जनगणना संचालक असतात. पोस्ट, रेल्वे, जनगणना अशी सगळी केंद्राची खाती एकत्र आणलेली दिसतात, यावरून राज्य सरकारांना बाजूला ठेवण्याचा हेतू लक्षात येतो.

अर्ज कागदावर चालत नाही. केंद्राच्या नागरिकत्व पोर्टलवर, किंवा ‘सीएए-२०१९’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर भरायचा. मोबाइल नंबर आणि ईमेल अर्जदाराचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की पुढे सुनावणीची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

फॉर्म निवडताना थोडं थांबा. अर्जदार स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कुणी एक अविभाजित हिंदुस्थानात जन्मलं असेल, तर तो ‘भारतीय वंशाचा’ ठरतो आणि फॉर्म दोन-ए लागतो. सिंध तेव्हा हिंदुस्थानातच होता, म्हणून १९४५ मध्ये सक्करला जन्मलेल्या वडिलांचा मुलगा यात बसतो. पण वडील आणि आई दोघांचाही जन्म १९४७ नंतरचा असेल, तर आजोबांचा कराचीचा शाळेचा दाखला इथे उपयोगाचा नाही. कायदा आईवडिलांपर्यंतच बघतो, आजोबांपर्यंत जात नाही. अशांना देशीयकरणाचा फॉर्म आठ-ए. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्यांना तीन-ए, नागरिकाच्या अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाला चार-ए. देशीयकरणात या सहा समाजांना अकराऐवजी पाच वर्षांचा निवास पुरतो, मात्र अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग भारतात असायला हवेत.

कागद दोन बाजूंचे लागतात. एक बाजू त्या देशाची: पासपोर्ट, तिथला जन्मदाखला, शाळेचा दाखला, ओळखपत्र, जमिनीचे किंवा भाड्याचे कागद, कुठलाही सरकारी परवाना. यातलं एक चाललं तरी पुरतं, आणि मुदत संपलेलं असलं तरी चालतं. ही सवलत मोठी आहे. पूर्वी पाकिस्तानी पासपोर्ट जिवंत ठेवायचा म्हणजे दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायोगात जाऊन पैसे भरायचे आणि महिनोन्‌महिने थांबायचं. आता आजोबा किंवा पणजोबा त्या देशाचे नागरिक होते हे दाखवणारा कागदही चालतो. मघाशी आजोबांचा दाखला निरुपयोगी म्हटलं ते ‘भारतीय वंशा’साठी. राष्ट्रीयत्व सिद्ध करायला तोच दाखला कामाला येतो, म्हणून जपून ठेवा.

दुसरी बाजू भारतातल्या प्रवेशाची. नियमांच्या यादीत असे वीस कागद आहेत: आगमनाचा शिक्का, विदेशी नोंदणी कार्यालयाची निवास परवानगी, जनगणनेच्या प्रगणकाने दिलेली पावती, रेशन कार्ड, पॅन, वाहन परवाना, विजेचं बिल, बँकेचं किंवा पोस्टाचं खातं, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधीची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, विवाहाचं प्रमाणपत्र, नगरसेवकाचं प्रमाणपत्र वगैरे. इथे अट एकच, आणि तिच्यावरच लोक घसरतात: कागदावरची तारीख ३१ डिसेंबर २०१४ च्या आतली हवी. आधारवर पत्ता बदलून घेतला आणि जुनं कार्ड फेकलं, तर नव्या कार्डावर नवी तारीख येते आणि पुरावा हातचा जातो. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरूच्या कामाचं नाही. मुलाचा इथल्या शाळेतला दाखला मात्र बऱ्याचदा फाईल वाचवतो. शाळांच्या जुन्या रजिस्टरात प्रवेशाची तारीख आणि वडिलांचं नाव दोन्ही सापडतं.

सोबत तीन जोडपत्रं लागतात. स्थानिक मान्यताप्राप्त सामाजिक किंवा धार्मिक संस्थेचं, अर्जदार अमुक समाजाचा आहे असं पात्रता प्रमाणपत्र. मजकूर खरा असल्याचं अर्जदाराचं शपथपत्र. आणि भारतीय नागरिकाने दिलेलं चारित्र्याचं शपथपत्र, ज्यासाठी तुम्हाला विचारलं जातं. शिवाय घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते, असं घोषित करायचं असतं. बोलता, वाचता किंवा लिहिता येणं, यातलं एक पुरे. सिंधी १९६७ पासून त्या परिशिष्टात आहे, तेव्हा आजींना हिंदी अक्षरं येत नसली तरी अर्ज त्यासाठी अडत नाही. सिंधी लोक अरबी लिपीत लिहितात, त्या कागदांना मात्र अनुवाद जोडा, आणि अनुवादकाची सही-शिक्का घ्या. घरातल्याच माणसाने वाचून लिहिलेला अनुवाद चालत नाही.

अर्ज गेला की फॉर्म नऊची पोचपावती आपोआप निघते. तिची प्रिंट काढून ठेवा. पुढे जिल्हा समिती मूळ कागद घेऊन बोलावते, तपासते आणि तिथेच निष्ठेची शपथ देते. वारंवार संधी देऊनही माणूस हजर राहिला नाही, तर समिती अर्ज फेटाळण्याच्या विचारासाठी वर पाठवते. म्हणून कापड मार्केटमध्ये दिवसभर काम करणाऱ्याला सुट्टी आधीच सांगून ठेवायला लावा. मंजुरी आली की प्रमाणपत्र डिजिटल मिळतं, आणि शाईच्या सहीचं हवं असेल तर अर्जात तसं नोंदवावं लागतं. कलम ६बी खाली नागरिकत्व भारतात आल्याच्या दिवसापासून धरलं जातं, आणि बेकायदा स्थलांतराबद्दल काही कारवाई चालू असेल तर ती संपते. अर्ज दिला म्हणून आधीचे हक्क जात नाहीत, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

२०१४ नंतर आलेल्यांचा रस्ता

हा खरोखर कलेक्टरचा आहे. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना या सहा समाजांच्या वैध मार्गाने आलेल्या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. मध्य प्रदेशातून त्यात इंदूर आणि भोपाळ आहेत. २०१८ मध्ये ही मुदत पुढील आदेशापर्यंत वाढवली. वडोदऱ्याचे वाचक असतील तर त्यांचा जिल्हा २८ मे २०२१ च्या अधिसूचनेत आला. ग्वाल्हेर यांपैकी कशातच नाही. तिथला अर्ज कलेक्टर, राज्य गृहखातं, मग केंद्र असा फिरतो, आणि वेळ लागतो तो याच फेऱ्यात.

इथे पाच वर्षांची सवलत धरून चालू नका. भारतीय वंशाच्या अर्जदाराला सात वर्षांचा निवास लागतो: शेवटचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. बारा महिन्यांत मधे कराचीला बहिणीच्या लग्नाला जाऊन आलं, तर खंड पडतो. खास कारण असेल तर एकूण तीस दिवसांपर्यंत तो माफ करता येतो, एकतिसावा दिवस नाही. या मार्गाला चालू पासपोर्ट लागतो, आणि मंजुरीनंतर आपल्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावाही. कलेक्टरने नोंदणी केल्यावर तिची प्रत सात दिवसांत केंद्राला जाते.

घरातला क्रम ठरवून घ्या. आधी आईवडील, ज्यांचे पालक १९४७ पूर्वीचे आहेत. ते नोंदले गेले की सज्ञान मुलं कलम ५(१)(ई) खाली आणि अज्ञान मुलं ५(१)(डी) खाली अर्ज करू शकतात. हा क्रम उलटा केला तर तरुण मुलाला विनाकारण देशीयकरणाची लांबची वाट धरावी लागते.

आणि इंदूरमध्येच जन्मलेलं मूल? इथल्या दवाखान्यात जन्म झाला, महापालिकेचा दाखला आहे, म्हणून ते भारतीय असं लोक गृहीत धरतात. ३ डिसेंबर २००४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलासाठी दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. दोघंही पाकिस्तानी पासपोर्टवर असतील तर मूल परदेशीच. त्याचा स्वतंत्र व्हिसा अर्ज जन्मानंतर लगेच करावा. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबलेल्या मुलांचे हाल होतात.

नाव

फाईल परत येण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच. पासपोर्टात लछमण दास, आधारमध्ये लक्ष्मणदास, बँकेत एल. दास. बायकांच्या पाकिस्तानी ओळखपत्रात लग्नानंतर नवऱ्याचं नाव, भारतीय रेशन कार्डात पुन्हा वडिलांचं. पाकिस्तानात आडनाव लावत नाहीत आणि इथे आल्यावर शेवटी ‘-आणी’ चिकटतं. जन्मतारीख पासपोर्टावर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर वेगळी.

उपाय असा: सगळे कागद समोर मांडून एका कोऱ्या पानावर तक्ता करा. कागद, त्यावरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जारी झाल्याची तारीख. विसंगती एका नजरेत दिसते. मग पासपोर्टातलं स्पेलिंग आधार मानून अर्ज भरा, आणि बाकी सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकृत शपथपत्र जोडा. भारतीय कागद दुरुस्त करता येतात, पण २०१४ पूर्वीचा पुरावा असलेला कागद दुरुस्तीला देऊ नका, आधी त्याची प्रमाणित प्रत काढा.

तुमचं शपथपत्र

कामाचं बोलायचं तर यात लिहायचं थोडंच असतं: तुमचं नाव, वय, पत्ता, नागरिक असल्याचा पुरावा, अर्जदाराला कधीपासून आणि कशामुळे ओळखता, आणि त्याची वागणूक. ई-स्टॅम्पवर, नोटरीसमोर. वकील तयार मसुद्यात ‘गेली पंधरा वर्षे ओळखतो’ असं छापून आणतो, आणि तुम्ही त्याला २०१९ मध्ये घर दिलेलं असतं. ती ओळ खोडायला लावा. कलम १७ खाली जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जदाराचं नुकसान त्याहून मोठं आहे: फसवणुकीने किंवा माहिती लपवून मिळवलेलं नागरिकत्व कलम १० खाली काढून घेता येतं. म्हणून ‘२०१९ पासून भाडेकरू’ असंच लिहा. चारित्र्याचं शपथपत्र आणि २०१४ पूर्वीच्या प्रवेशाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या शपथपत्राने दुसरी भरून काढायची नाही.

घरमालक असाल तर आणखी एक: परदेशी भाडेकरू ठेवल्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन द्यायची असते. लोक अजून त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. थान्यात तोंडी सांगितलं म्हणजे झालं, असं नाही.

दरम्यानच्या काळात: दीर्घ मुदतीचा व्हिसा

अर्ज पडून असताना माणसाला उभं ठेवतो तो दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा हिंदूंना दिलेले एलटीव्ही वैध राहिले. पण तीर्थयात्रेच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर हरिद्वारला आलेला आणि अजून एलटीव्हीचा अर्जच न केलेला माणूस तेव्हा अडचणीत आला. अर्ज लांबवू नका.

एलटीव्हीवर पॅन, आधार, वाहन परवाना, बँक खातं काढता येतं, नोकरी-धंदा करता येतो आणि राज्याच्या आत फिरता येतं. उज्जैनला जायला हरकत नाही. नागपूरच्या लग्नाला जायचं तर परवानगी घ्यायची. राहायला एक आणि धंद्याला एक जागा घेता येते. मात्र छावणी हद्दीत नाही, त्यामुळे महूच्या कँटोन्मेंटमधला स्वस्त गाळा विसरा. खरेदीखतात राष्ट्रीयत्व आणि एलटीव्हीचा उल्लेख हवा. विकायची झाली तर नागरिकत्व मिळाल्यावर, किंवा आधी पोलीस किंवा विदेशी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन. दुसऱ्याच्या नावावर घर घेऊन ठेवण्याचा मोह होतो, आणि पुढे ते घर त्या दुसऱ्याचंच ठरतं.

मतदान, सरकारी नोकरी हे हक्क नागरिकांचे. पण कायद्यापुढे समानता, जीवित-स्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य हे परदेशी व्यक्तीलाही आहेत. थान्यात कुणी ‘तुम्ही पाकिस्तानी, तुमची तक्रार कशी घ्यायची’ म्हणालं तर त्याला आधार नाही.

‘तिकडे केस आहे, परत मागतील का?’

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. जमिनीचा वाद असतो, उसनवारी असते, किंवा मुलीला घेऊन पळाल्याची फिर्याद असते. इथे दोन शब्द वेगळे ठेवा. परत पाठवणं, म्हणजे निष्कासन, हा भारत सरकारचा स्वतःचा निर्णय असतो. व्हिसा संपला, अट मोडली तर तो होतो, आणि फक्त परदेशी माणसालाच लागू होतो. सध्या त्याला आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा २०२५ लागतो. प्रत्यार्पण म्हणजे दुसऱ्या देशाने आरोपी किंवा दोषी म्हणून मागणं. त्याला प्रत्यार्पण कायदा १९६२ आहे.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात प्रत्यार्पण करार नाही. बांगलादेशाशी २०१३ चा आहे, त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. अफगाणिस्तानशी २०१६ मध्ये करार झाला. करार नसला तरी दोन्ही देशांनी मान्य केलेला एखादा आंतरराष्ट्रीय करार, उदाहरणार्थ विमान अपहरणाविरुद्धचा, केंद्र सरकार त्या गुन्ह्यांपुरता प्रत्यार्पण करार मानू शकतं. मागणी राजनैतिक मार्गानेच यावी लागते. मग दंडाधिकारी चौकशी करतो, आणि शेवटी सोपवायचं की नाही ते केंद्र ठरवतं. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी, किंवा मागणी करणाऱ्या देशाच्या कायद्याने मुदत उलटलेल्या गुन्ह्यासाठी सोपवता येत नाही, आणि ज्या गुन्ह्यासाठी मागितलं त्याखेरीज दुसरा खटला चालवू नये अशी अट असते. तिकडच्या पोलिसाचा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं समन्स म्हणजे प्रत्यार्पण नव्हे.

नागरिक झाल्यावर निष्कासनाची टांगती तलवार जाते. प्रत्यार्पणापासून मात्र नागरिकत्व आपोआप ढाल होत नाही, कारण भारताचा कायदा स्वतःच्या नागरिकाला सोपवणं सरसकट बंद करत नाही. ते त्या त्या करारावर अवलंबून असतं. संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात दोन्ही देश आपापले नागरिक सोपवत नाहीत, सगळ्या करारांत तसं नाही. म्हणून अर्जात खटल्याचा रकाना असेल तिथे तिकडची केसही खरी लिहायची. लपवली तर कलम १० तिथे लागतं, आणि केस किरकोळ होती हे मग कुणी ऐकून घेत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

आधी आधारचा पत्ता-नाव प्रमाणपत्राशी जुळवा, मग पॅन, मग मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक, म्हणजे समग्र आयडी. मतदार यादीसाठी फॉर्म सहा बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे. पासपोर्टचा अर्ज सगळ्यात शेवटी, कारण पोलीस पडताळणीत वरचे सगळे कागद एकमेकांशी जुळलेले लागतात. ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) दोन्हीकडचं राखायला म्हणून मागणाऱ्यांना आधीच सांगा: स्वतः किंवा आईवडील, आजोबा, पणजोबा कुणीही पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर ते मिळत नाही. जुन्या परदेशी पासपोर्टच्या सगळ्या पानांची, कोऱ्या पानांसकट, रंगीत प्रत काढून ठेवा. मुलांच्या अर्जात आईवडिलांच्या प्रवेशाचा शिक्का पुन्हा मागितला जातो.